बोलणी कुठवर आली? : गिरणगाव आणि वाटाघाटींचा माग
परळच्या भोईवाड्यात जी. डी. आंबेकर मार्गावर ‘मजदूर मंझिल’ उभी आहे. राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे हे मुख्यालय. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वतीने मालकांशी बोलण्याचा कायदेशीर अधिकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकाच संघाकडे होता. पगार, महागाई भत्ता, बोनस, रजा, कामाचा बोजा, कशावरही करार व्हायचा तर कामगारांच्या बाजूने सही या संघाची. मालकांची बाजू फोर्टमधल्या वीर नरिमन रस्त्यावरील गिरणीमालक संघाच्या कार्यालयातून मांडली जाई. तो संघ १८७५ सालचा. या दोन पत्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, भायखळ्याच्या चाळींत, ती माणसे राहत होती ज्यांच्या पगाराचा हा सगळा हिशेब होता. त्यांना बैठकीत जागा नव्हती. बैठकीत काय चालले आहे याचा माग काढणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते काम या पट्ट्याने, म्हणजे गिरणगावाने, शंभर वर्षे मन लावून केले.

भोईवाड्यातून चालत निघाले तर इंडिया युनायटेड एक नंबर, मोरारजी, फिनले, नायगावची स्प्रिंग मिल, दादरची कोहिनूर आणि गोल्ड मोहर अशा गिरण्या लागत. त्यामुळे बोलण्यांकडे कान लावून बसणाऱ्यांत फक्त साचेवाले आणि मागवाले नव्हते. महिनाभर उधारीच्या वहीत आकडे टाकणारा किराणा दुकानदार, दोन वेळचे जेवण घालणारी खानावळवाली, लग्न ठरलेल्या मुलीचा बाप, रत्नागिरी-साताऱ्याकडे मनीऑर्डरची वाट पाहणारे म्हातारे आईबाप, या सगळ्यांचे पुढचे सहा महिने त्या बोलण्यांवर ठरत. ‘बोलणी कुठवर आली?’ हा प्रश्न नळावर विचारला जाई, दुधाच्या रांगेत विचारला जाई, आणि उत्तर देणाऱ्याकडे काही ना काही ताजे असेच.

या माग काढण्याचा दरवर्षीचा हंगाम म्हणजे दिवाळीआधीचे दोन महिने. बोनस किती टक्के, हा तेव्हाचा प्रश्न. बोनसची सुरुवात पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून झाली. १९१७ पासून काही वर्षे मालकांनी तो दिला आणि १९२३ च्या वर्षासाठी नाकारला. त्यावर जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कायद्याने कोणताही हक्क पोहोचत नाही, आणि मार्चमध्ये संप मोडला. मालकाच्या मर्जीची ही रक्कम हक्काची व्हायला पुढे चार दशके लागली. १९५० साली मुंबईच्या गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील बोनसच्या दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा वगळून उरलेल्या रकमेत कामगारांचा वाटा कसा काढायचा याचे सूत्र घालून दिले. ‘फुल बेंच फॉर्म्युला’ म्हणून ते सगळ्या देशात चालले. त्याच वर्षी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठीच ६३ दिवसांचा संप केला. १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा ठरली.

८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. शाळेत टक्केवारी न शिकलेल्या बायकांनाही हा आकडा पाठ होता, कारण त्यावर कपडे, फराळाचे सामान, गावची फेरी आणि वाण्याची जुनी बाकी यांचा मेळ बसवायचा असे. त्यापुढचा प्रत्येक टक्का म्हणजे काय, हे घराघरांत माहीत होते. वेगवेगळ्या गिरण्यांचा बोनस वेगवेगळा पडे. एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, एका खोलीत १० टक्के आणि शेजारच्या खोलीत १६ टक्के अशी स्थिती येई. त्यामुळे आपल्या गिरणीचा ताळेबंद काय म्हणतो आणि दुसऱ्या गिरणीचे काय ठरले, याच्या तुलनेला धार चढे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला नफ्याचे वाटप म्हणतात, त्याचा इतका बारीक आणि इतका सार्वत्रिक अभ्यास या देशात दुसऱ्या कुठल्या वस्तीने क्वचितच केला असेल.

बातमी पोहोचवण्याची व्यवस्था वस्तीने स्वतः उभी केली होती. गिरणीच्या दारातली गेटसभा हे तिचे केंद्र. पाळी सुटताना पुढारी एखाद्या स्टुलावर किंवा टेम्पोवर उभा राही, आदल्या दिवशीच्या बैठकीचा सारांश सांगे, आणि दहा मिनिटांत सभा मोडे, कारण दुसऱ्या पाळीच्या लोकांना आत जायचे असे. युनियनच्या कचेरीबाहेरचा फळा हे दुसरे साधन. खडूने लिहिलेल्या चार ओळी, खाली तारीख. तिसरे साधन वर्तमानपत्र. गिरगावातून निघणारा ‘नवाकाळ’, पुढे ‘लोकसत्ता’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’. एक अंक विकत घेतला जाई आणि चाळीच्या कठड्याशी, सलूनमध्ये, गावकीच्या खोलीत तो मोठ्याने वाचला जाई. एकेका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या या खोल्यांत दहा-पंधरा माणसे पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. त्यात तीन-चार गिरण्यांचे कामगार असत, म्हणजे तीन-चार गेटसभांच्या बातम्या रात्री एका जागी जमत. कोणी काय ऐकले, ते दुसऱ्याच्या ऐकण्याशी ताडून पाहिले जाई. अफवा तिथेच गाळल्या जात किंवा तिथेच जन्म घेत.

ही व्यवस्था सर्वांत चांगली चालली ती १९२८ मध्ये. त्या वर्षी एका कामगाराने जास्त माग आणि जास्त चात्या सांभाळाव्यात या योजनेविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट एकाच संयुक्त संप समितीत बसले आणि त्यांनी १७ मागण्या मांडल्या. मालकांशी आणि सरकारशी काय बोलणे झाले ते नागू सयाजीच्या वाडीतल्या सभांत कामगारांपुढे ठेवले जाई. डांगे यांचे ‘क्रांती’ हे पत्र त्याच काळातले. शेवटी न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांची चौकशी समिती नेमली जावी या अटीवर काम सुरू झाले. वर्ष संपताना गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती आणि गिरणीगणिक समित्या तयार झाल्या होत्या. संपाने मिळवले किती आणि गमावले किती यावर मतभेद होतील, पण बोलणाऱ्यांनी रोजच्या रोज येऊन हिशेब द्यायचा, ही अपेक्षा गिरणगावात त्या सहा महिन्यांत रुजली. त्यानंतरच्या प्रत्येक पुढाऱ्याला ती पुरी करावी लागली, किंवा न केल्याची किंमत मोजावी लागली.

त्याआधी तीन वर्षे, १९२५ मध्ये, बातमीची वाट आणखी लांबची होती. मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली होती आणि सप्टेंबरपासून गिरण्या थंड पडल्या होत्या. मालक म्हणत, देशी कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर सरकारने उठवला तर कपात मागे घेऊ. म्हणजे भांडण परळचे आणि निर्णय व्हाइसरॉयचा. डिसेंबरच्या आरंभी कर स्थगित झाल्याची बातमी आली, कपात गेली, भोंगे वाजले. आपल्या भाकरीचा निर्णय आपण कधी न पाहिलेल्या दूरच्या कचेरीत होऊ शकतो, हा धडा गिरणगावाने तेव्हा घेतला. १९८२ च्या संपात तोच धडा उलट्या बाजूने पुन्हा गिरवावा लागला.

कोणी बोलायचे, याचा निकाल कायद्याने लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९३८ चा. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाआधी सक्तीची समझोत्याची प्रक्रिया आणि ती डावलून केलेला संप बेकायदा, हा त्याचा गाभा. कामगारांनी त्याला काळा कायदा म्हटले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. त्या दिवशीची प्रचंड सभा परळच्या कामगार मैदानावर झाली. परळमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले आणि दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम केलेले आंबेडकर या विधेयकाविरुद्ध विधानसभेत आणि मैदानावर दोन्हीकडे उभे राहिले. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच दुसरा चेहरा, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक तरीही कायदा झाले.

पुढचा आणि निर्णायक कायदा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, गुलझारीलाल नंदा कामगारमंत्री असतानाचा. हा कायदा गिरणगावात ‘बी. आय. आर.’ या तीन अक्षरांनी ओळखला जाई. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. शहरातल्या संपूर्ण कापड उद्योगातील २५ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, ती निबंधकाकडे ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून नोंदवली जाई. एकदा ती नोंद झाली की सर्व गिरण्यांतील सर्व कामगारांच्या वतीने तीच बोलणार, न्यायालयात तीच उभी राहणार, तिने केलेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधणार. मोजणी गिरणीवार नव्हे, उद्योगवार. त्यामुळे एखाद्या गिरणीतल्या शंभर टक्के कामगारांनी संघ सोडला तरी त्या गिरणीत बोलण्याचा हक्क संघाकडेच राही. कामगारांना कोण हवे आहे हे गुप्त मतदानाने विचारण्याची सोय कायद्यात नव्हती. मोजायच्या त्या वर्गणीच्या पावत्या. राष्ट्रीय मिल मजदूर संघाने या कायद्याखाली मिळवलेली मान्यता नंतर कोणालाही हिसकावून घेता आली नाही, अगदी १९८२ मध्ये अडीच लाख माणसे त्याच्या विरोधात रस्त्यावर असतानाही.

जगात इतरत्र बोलणी कशी होतात आणि त्यांचा माग कसा काढला जातो, हे पाहिले की या कायद्याची धार नीट दिसते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीत, मालकांनी खेळाडूंविरुद्ध १९९४, २००४ आणि २०१२ मध्ये टाळेबंदी पुकारली. २००४ ची टाळेबंदी इतकी चिघळली की १६ फेब्रुवारी २००५ रोजी सगळा हंगामच रद्द झाला आणि १९१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर पहिल्यांदाच स्टॅन्ली चषक कोणाला दिला गेला नाही. त्या काळात टोरांटो-मॉन्ट्रियलचे पाठीराखे गोलांऐवजी पगारमर्यादेचे आकडे पाठ करू लागले. २०१२ च्या टाळेबंदीत सगळी चर्चा खेळाच्या उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० वर येणार का, याभोवती फिरत होती. परळच्या चाळीत ८.३३ आणि २० या आकड्यांचे जे स्थान होते, तेच त्या थंड शहरांत ५७ आणि ५० या आकड्यांना आले.

साम्य तिथे संपते. अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने बहुसंख्य कामगारांनी निवडलेल्या संघटनेशीच मालकाने बोलावे आणि प्रामाणिकपणे बोलावे, असे बंधन घातले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सिडनी क्रॉस्बीसारखा आघाडीचा खेळाडू न्यूयॉर्कच्या बैठकांना स्वतः बसला होता. सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ दोन्ही बाजूंमध्ये ये-जा करत होते, आणि ६ जानेवारी २०१३ च्या पहाटे, सलग सोळा तासांच्या बैठकीनंतर तोडगा निघाला. पाठीराखे बाहेर होते, पण ज्यांचा पगार ठरत होता ते आत होते. गिरणगावात स्वतः कामगारच बाहेर होता. आपल्याच पगाराच्या बोलण्यांकडे त्याला दुसऱ्याच्या सामन्याकडे पाहावे तसे पाहावे लागत होते, आणि सामना हरला तर घर मात्र त्याचे उपाशी राहणार होते.

१९८१ च्या दिवाळीला हा ताण तुटला. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मिल मजदूर संघाने मालकांशी केलेला बोनसचा करार अनेक गिरण्यांतील कामगारांना मान्य नव्हता. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरी गेले आणि आमचे नेतृत्व घ्या म्हणून अडून बसले. सामंत मूळचे मालवणकडचे, व्यवसायाने डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून देणारे पुढारी म्हणून त्यांचे नाव झाले होते, आणि काळाचौकीच्या एम्पायर डाइंगमधल्या वाढीची कथा शेजारच्या गिरण्यांत तोंडोतोंडी झाली होती. कंपनीचा ताळेबंद काय सांगतो याची फिकीर न करता कामगाराला जगायला किती लागते तेवढे मागायचे, ही त्यांची रीत. बी. आय. आर. कायद्याच्या चौकटीत गिरण्यांचा लढा अवघड जाईल हे ते जाणून होते आणि सुरुवातीला त्यांनी आढेवेढेही घेतले. पण रेटा खालून होता. महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबवले.

मागण्या पाच-सहा होत्या. सेवेच्या वर्षांनुसार दरमहा १२० ते १९५ रुपये वाढ, घरभाडे भत्ता, रजा आणि प्रवास भत्ता, वर्षानुवर्षे बदली म्हणून रोज सकाळी दारात उभे राहणाऱ्यांना कायम करणे. आणि या सगळ्यांच्या बुडाशी एक: बी. आय. आर. कायदा रद्द करून आम्हाला आमचा बोलणारा निवडू द्या. पैशांच्या मागण्यांवर घासाघीस होऊ शकली असती. शेवटच्या मागणीवर सरकारने बोलायलाच नकार दिला. संघ हा काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेचा महाराष्ट्रातला मोठा खांब होता. तो पडू दिला तर सामंतांचे लोण गोदी, बंदरे आणि सार्वजनिक उद्योगांत पसरेल, अशी दिल्लीची भीती होती. मालकांनाही घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता, अनेक गिरण्या जुनाट यंत्रांवर तोट्यात चालल्या होत्या, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून मिळत होते. गिरणगाव ज्या बोलण्यांची चाहूल दीड वर्ष घेत राहिले, ती बोलणी कामगारांच्या निवडलेल्या पुढाऱ्याशी खऱ्या अर्थाने कधी सुरूच झाली नाहीत. या संपाच्या इतिहासात ही सर्वांत क्रूर गोष्ट आहे. संप लांबला म्हणून सामंतांना दोष देणारे विवेचन ती बहुतेक वेळा विसरते.

चाहूल घ्यायला कारणे मात्र सतत मिळत गेली. जानेवारीतच मुख्यमंत्रिपदावरून बॅ. अंतुले गेले आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. नवा माणूस काही करील असे वाटले. मंत्रालयात कोण कोणाला भेटले, दिल्लीला कोण गेले, लोकसभेत प्रश्न निघाला का, याची छाननी रोज सकाळी होई. सरकारकडून दरमहा ३० रुपयांची अंतरिम वाढ आणि ६५० रुपये उचल असा प्रस्ताव आला. १२० ते १९५ मागणाऱ्यांपुढे ठेवलेले ३० रुपये कोणाला पटणार? आणि उचल म्हणजे तर कर्ज, पुढच्या पगारातून कापले जाणारे. हा हिशेब चाळीतल्या बायकांनीच आधी मांडला असेल. प्रस्तावाची वाट मान्यताप्राप्त संघाच्या दारातून जाणारी होती, हे त्याहून मोठे कारण. कामगार परतले नाहीत.

दुसरा पुरावा लोक स्वतःच्या डोळ्यांनी गोळा करत. गिरणीमालक संघ किती कामगार कामावर आले याचे आकडे देई, युनियन ते खोडून काढी. खरे काय ते कळायला धुराड्याकडे पाहायचे. धूर आहे का, किती दाट आहे, रात्रपाळीला खिडक्यांत दिवे किती, आतून मागांचा खडखडाट येतो का. तीन-चार पिढ्या गिरणीच्या आवाजात वाढलेल्या माणसाला नुसत्या घरघरीवरून अंदाज येई की कोणते खाते चालू आहे आणि कोणते फक्त दाखवायला सुरू केले आहे. पोलिसांच्या गाडीतून कोणाला आत नेले, हेही बघून ठेवले जाई, आणि त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, कधी सख्ख्या भावांत, वर्षानुवर्षे न बुजणारी फूट पडली.

पैसा आटत गेला तसे माग काढणारे पांगले. हजारो कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे गावी गेले. पावसाळ्यात भातलावणी, नाचणी, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. तिथे वर्तमानपत्र एस. टी.ने उशिरा येई, आणि मुंबईहून आलेल्या माणसाभोवती पारावर घोळका जमे. सामंतांनी गावोगाव सभा घेतल्या, शेतकऱ्यांकडून धान्य गोळा झाले. मुंबईत राहिलेल्यांनी आधी भांडी, मग दागिने गहाण टाकले. बायका भाजी विकायला, घरकामाला, पापड लाटायला बाहेर पडल्या. खानावळ चालवणाऱ्यांवर आघात दुहेरी होता: जेवणारे गावी गेले आणि मागची बाकी तशीच राहिली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये दादरला उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या सभासद अशाच खानावळवाल्या होत्या. कामगाराला कधी पगार मिळणार यावर ज्यांची चूल अवलंबून, पण ज्यांना कोणत्याही कायद्याने पक्षकार मानले नाही, अशा या बायका. मालक आणि युनियन यांच्या बोलण्यांत त्यांच्या उधारीची नोंद कुठे होणार होती? कापड उद्योगाच्या इतिहासात त्यांना अजूनही पुरेशी जागा मिळालेली नाही.

ऑगस्टमध्ये भोईवाड्याच्या शेजारीच दुसरा भडका उडाला. नायगावची पोलीस वसाहत इथून हाकेच्या अंतरावर. पोलीस शिपायांनीही संघटना काढली होती, पगार आणि वागणुकीबद्दल त्यांच्याही तक्रारी होत्या, आणि सरकारने त्या संघटनेची मान्यता काढून घेतली होती. १८ ऑगस्ट १९८२ रोजी पुढाऱ्यांच्या धरपकडीनंतर पोलीस रस्त्यावर उतरले, गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले, दगडफेक, जाळपोळ, गोळीबार झाला आणि सरकारला लष्कर बोलवावे लागले. सात महिने गिरण्यांच्या दारांत एकमेकांसमोर उभी असलेली खाकी आणि कामगारांची पोरे एका दिवसापुरती एका बाजूला आली. दोघांचेही म्हणणे ऐकायला समोर कोणी बसायला तयार नव्हते, हे त्या दिवशीच्या उद्रेकाचे मूळ मानणे योग्य ठरेल.

१९८३ च्या फेब्रुवारीत वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. पुन्हा आशा, पुन्हा भेटीगाठींच्या बातम्या. पण तोवर गिरण्यांत माणसे परतू लागली होती. गावाहून येणारा माणूस दारात उभा राही आणि त्याचे नाव यादीत नाही असे त्याला सांगितले जाई. जुनी नोकरी गेलेल्यांची संख्या लाखाच्या घरात धरली जाते. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. त्यांचे राष्ट्रीयीकरण १९९५ मध्ये झाले. संप मात्र कोणी मागे घेतला नाही. त्याच्या शेवटची तारीख कुठल्याही करारावर लिहिलेली नाही, कारण करारच नाही. १९८४ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेस सगळीकडे जिंकत असताना गिरणगावाच्या मतदारांनी सामंतांना मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून लोकसभेवर पाठवले. ज्या मतदानाची मागणी कामगार औद्योगिक कायद्यात करत होते, ते त्यांनी मतपेटीत करून दाखवले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली.

संपानंतर बोलण्यांचा विषय बदलला: पगाराऐवजी जमीन. २ ऑक्टोबर १९८९ रोजी मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी उपोषण सुरू करून बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला आणि एक मालकाला अशी वाटणी सांगितली होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल उचलून धरला. एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक), टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), मोकळा भूखंड हे शब्द आता चाळींत आले. साठी ओलांडलेल्या कामगारांनी ते ८.३३ टक्क्यांइतक्याच सहजतेने आत्मसात केले.

गिरणी कामगारांसाठीच्या घरांची पहिली मोठी सोडत म्हाडाने जून २०१२ मध्ये काढली, ६,९२५ घरांची. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत निघाली. अर्ज दीड लाखाहून अधिक आहेत. अर्जासोबत लागतात ती गिरणीची हजेरीपत्रके, तिकीट नंबर, ई. एस. आय.चे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा कागद. चाळीस वर्षांपूर्वी गावी नेलेल्या पत्र्याच्या पेटीतून ते शोधून काढावे लागतात. अर्जदार वारला असेल तर वारसदाराचा दाखला आणखी लागतो. कागद तपासण्यासाठी रांगेत उभे राहणारे आता बहुतेक मुलगे, सुना आणि नातवंडे असतात.

अलीकडच्या बोलण्यांचा मुद्दा घरे कुठे, हा आहे. सरकार मुंबईबाहेरच्या वांगणी आणि शेलू इथली घरे पुढे करते. कामगारांचे म्हणणे, ज्या शहरात राबलो तिथेच घर द्या. ९ जुलै २०२५ रोजी याच मागणीसाठी अनेक संघटना एकत्र येऊन आझाद मैदानावर जमल्या. या वेळी कामगारांच्या बाजूने बोलायला बसणाऱ्या संघटना एकाहून अधिक आहेत, आणि कोणा एकीलाच कायद्याने खुर्ची राखून ठेवलेली नाही.